सा हलतो तेव्हा

सदाशिव पेठेतली पहिल्या मजल्यावरची खोली. सतरंजीवर पेटी आणि गिटार शेजारी शेजारी. आज वाजणार आहे ‘ऑल द थिंग्ज यू आर’. जेरोम कर्न यांनी 1939 साली एका संगीतिकेसाठी बांधलेली ही चाल. जॅझ शिकणारा कधी ना कधी तिच्यापाशी येतोच, आणि बहुधा अडखळतो.

पुण्याचा कान तानपुऱ्यावर तयार झालेला. एकदा सा लागला की तो मैफल संपेपर्यंत जागचा हलत नाही. इथे 36 बारांत (बार म्हणजे तालाचा एक छोटा खंड) सा पाच ठिकाणी बसतो. पेटीच्या हिशेबात, म्हणजे सप्तकातल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या डावीकडून मोजून, काळी चार, पांढरी एक, काळी दोन, पांढरी पाच, पांढरी तीन. एकच स्केल, म्हणजे सुरांचा एकच संच, धरून सोलो घेतला तर सहाव्या बारलाच सूर टोचायला लागतात.

मग धरायचं काय? गंधार. ज्या त्या कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुडीचा, गंधार; तिच्या मूळ सुराला सा मानून. कधी कोमल, कधी शुद्ध. मूळ चालही बहुतेक ठिकाणी त्यावरच येऊन टेकते.

पाचव्या बारपाशी थांबू. कॉर्ड आहे काळी एकची, आणि पुढे जायचंय पांढरी पाचवर. ऐकताना वाट तुटल्यासारखी वाटते. आता पेटीवरचं बोट बघा. पांढरी चार दाबलेली आहे, काळी एकचा शुद्ध गंधार. कॉर्ड बदलली, बोट तिथेच. तोच सूर आता पांढरी पाचचा कोमल निषाद. मग तो अर्धा स्वर उतरून पांढरी तीनवर येतो आणि पांढरी एकचा शुद्ध गंधार होतो. एवढं हाताशी असलं की त्याभोवती हवं ते गुंफता येतं.

मधल्या आठ बारांचा शेवट तर मला फार आवडतो. पांढरी तीनच्या कॉर्डवर काळी चार लांबवलेली, शुद्ध गंधार म्हणून. खाली पांढरी एकची कॉर्ड आली की ती कोमल धैवत. पुढच्या बारला, पांढरी चारच्या कॉर्डवर, कोमल गंधार. आणि ही काळी चार म्हणजे मुळात गाण्याचा सा! ज्यांनी मूर्च्छनेचा, म्हणजे सूर तेच ठेवून सा बदलण्याचा, रियाज केलाय, त्यांना ही गंमत लगेच कळेल.

गिटारवर आधी नुसते गंधार घ्यायचे, ठाय लयीत, कॉर्डमागे एक. ते न बघता सापडायला लागले की प्रत्येकाच्या आधी एक सूर जोडायचा, मग दोन. ताना त्यानंतर. आता पेटी थांबेल, गिटार एकटी वाजेल. पाचव्या बारवर कान ठेवा.