कपाटातला घामेजलेला रेडिओ

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते रेडिओ, रिमोट, मोबाईल यांच्या अंगावरच्या कातडीबद्दल. आतल्या यंत्राबद्दल नाही, वरच्या आवरणाबद्दल.

माझी आत्या ठाण्यात, नौपाड्यात राहते. तिला आम्ही एक छोटा रेडिओ घेतला होता. काळा, हाताला मखमलीसारखा मऊ. पुढे ती लेकीकडे राहायला गेली, तेव्हा तो वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवला. चार पावसाळे गेले. दिवाळीच्या साफसफाईत पुडकं सोडायला गेलो, तर कागद सुटेचना! ओढला, तर चिटोरे रेडिओलाच चिकटलेले आणि उरलेल्या जागी उलटी अक्षरं उमटलेली. आरशासमोर धरला, तर सोन्याचा भाव चक्क वाचता आला. आत्याने ओलं फडकं फिरवलं, भांड्यांचा साबण लावला, टाल्कम पावडर चोळली. दोन दिवस बरा, की पुन्हा गुळाच्या ढेपेसारखा चिकट. "अरे, हा घामेजतोय," म्हणाली.

शेवटी स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने नखाने खरवडून पाहिलं. "काकू, हा मळ नाही. वरचं रबर पाघळलंय." सेल काढून, उघड्या दाराशी बसून त्याने कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतलं आणि पुसत राहिला. बोळ्यामागून बोळे काळे झाले. खालून निघाला टणक, गुळगुळीत प्लास्टिकचा रेडिओ. आकड्यांची छपाई गेली, पण आवाज तोच.

तर, हा मळ नाही, पुन्हा सांगतो, मळ नाही. असा मऊ थर बहुधा पॉलियुरेथेनचा, म्हणजे रबरासारख्या एका प्लास्टिकचा असतो. हवेतला ओलावा त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या हळूहळू तोडतो. खाडीकाठच्या ठाण्यात ओलाव्याला काय तोटा! म्हणून वस्तू न वापरताही बिघडते. फक्त थिनर किंवा ॲसिटोन लावू नका, त्याने खालचं टणक प्लास्टिकच (त्याला एबीएस म्हणतात) विरघळतं.

मोबाईलच्या काचेचं थोडक्यात सांगतो. मजबूत काच पोटॅशियमच्या तापलेल्या, वितळलेल्या क्षारात बुडवतात. काचेतले सोडियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले सूक्ष्म कण, निघून तिथे मोठे पोटॅशियमचे आयन दाटीने बसतात, पृष्ठभाग आवळला जातो. तरी वाळूतलं क्वार्ट्झ, म्हणजे गारेचे कण, तिच्याहून टणक, ओरखडे पाडतात. चौपाटीवरून आलात की आधी खिसा झटका.

आणि घरात मऊ कातडीचा माऊस, टॉर्च, दुर्बीण पडून असेल, तर आजच काढून अंगठा लावून पाहा. कागदात गुंडाळलेली असेल तर आधी तो कागद सोडवा.