मातीच्या पोटातली शेकोटी

नमस्कार श्रोतेहो.

डिसेंबर लागला की नागपुरात दोन पाहुणे येतात. एक विधिमंडळाचं अधिवेशन आणि दुसरा उत्तरेचा वारा. अधिवेशनातलं मला फारसं कळत नाही. वाऱ्याचं मात्र चांगलं कळतं, कारण आमच्या घराची मागची बाजू नेमकी उत्तरेला आहे. बाहेरगावच्या माणसांना वाटतं, नागपूर म्हणजे नुसता उन्हाळा. त्यांचंही चूक नाही म्हणा, २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पण याच शहरात २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंशांची नोंद झाली, हे पुण्याच्या भाच्याला सांगितलं तर तो हसला. मग त्या पुढच्या डिसेंबरात तो स्वतः येऊन राहिला. रात्री दोन रजया घेऊन झोपला, आणि परत गेल्यावर त्यानं मला एक भेट पाठवली. आज बोलायचंय ते त्या भेटीबद्दल.

खोक्यातून निघाला एक मातीचा रांजणासारखा प्रकार. खाली गरगरीत पोट, पोटाला समोरून एक तोंड, आणि वर निमुळती होत गेलेली मान. सोबत तीन पायांची लोखंडी तिवई. भाच्यानं फोनवर सांगितलं, ‘मावशी, याला चिमिनिया म्हणतात. मागच्या अंगणात ठेव आणि आत विस्तव कर.’ ही वस्तू मूळची मेक्सिकोतली. स्पॅनिश भाषेत त्या शब्दाचा अर्थ धुराडं. तिकडे पूर्वी लोक ऊब आणि स्वयंपाक या दोन्हींसाठी ती वापरत. आता अंगणात बसून हात शेकायची हौस म्हणून ती जगभर गेली आहे.

हौस म्हणा, पण तिच्यात एक शहाणपण आहे. आपल्या घमेल्यातल्या शेकोटीत धूर ज्याच्याकडे जायचा त्याच्याकडेच जातो. लहानपणी आम्ही भावंडं जागा बदलत गोल गोल फिरायचो आणि धूर मागे यायचा. चिमिनियात तापलेली हवा मानेतून वर चढते, तिच्या ओढीनं समोरच्या तोंडातून ताजी हवा आत येते, आणि धूर आपल्या डोक्याच्या वरून निघून जातो. सुरुवातीची पाच-दहा मिनिटं, मान थंड असेपर्यंत, तो तोंडातूनही येतो. तेवढं सोसायचं. तोंड सोडलं तर जाळ सगळीकडून बंद असल्यामुळे ठिणग्या कमी उडतात आणि थोडक्या लाकडात बरीच धग मिळते.

आता माझी फजिती. खोकं उघडलं त्याच संध्याकाळी शेजारच्या वहिनी आल्या होत्या, त्यांना दाखवायची घाई. बाभळीची दोन जाडजूड लाकडं आत कोंबली आणि दिला पेटवून. दहा मिनिटं काय शोभा होती! मग ‘टक्’ असा आवाज झाला. सुपारी फुटावी तसा. तोंडाच्या काठापासून मानेपर्यंत एक तडा सरळ वर गेला. वहिनी म्हणाल्या, ‘हे असंच असतं का हो?’ मी म्हटलं, ‘हो, डिझाइन आहे.’

दुसऱ्या दिवशी काठाचा निखळलेला तुकडा पिशवीत घालून मी एका कुंभारदादांकडे गेले. त्यांनी तो हातात घेतला, कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, ‘बाई, नवं भांडं कोनी पह्यल्याच दिवशी भडक जाळावर ठेवते का? याले आंधी शेकू द्या लागते, मंग पेटवा लागते.’

मला खरोखर लाज वाटली. कारण हे मला ठाऊक होतं. आपल्या नागपुरात लंबी रोटी करणाऱ्या बायका बघा. चुलीवर उपडा माठ ठेवतात, आणि हातावर लांबवलेली ती पातळ, ओलसर पोळी त्याच्यावर टाकतात. तापलेल्या मातीवर ओली कणीक पडते, तरी माठ फुटत नाही. तो माठ बेतानं तापवलेला असतो आणि त्याचं अंगही तसंच केलेलं असतं. मातीत रेती, राख, कुठे लीद किंवा लाकडाचा भुसा मिसळलेला असतो. भट्टीत भुसा जळून जातो आणि बारीक पोकळ्या राहतात. माती फुगली-आकसली की त्या पोकळ्या तिला सांभाळून घेतात.

तडा का जातो तेही ऐका. माती उष्णता सावकाश पुढे देते. आत एकदम मोठा जाळ केला की आतली बाजू तापून फुगते. बाहेरची थंडच असते आणि फुगायला तयार नसते. मग ती ताणली जाते, आणि ताणणं हे मातीला सोसत नाही. त्यात भांडं दमट असलं तर आणखी वाईट. पाण्याची वाफ झाली की तिला पाण्याच्या सोळाशे पटींहून जास्त जागा लागते, ती मातीच्या आत कुठून मिळणार? ज्या सच्छिद्रपणामुळे उन्हाळ्यात माठातलं पाणी थंड राहतं, तोच सच्छिद्रपणा चिमिनियात ओल धरून ठेवतो. म्हणून नवी असो की पावसाळ्यानंतर बाहेर काढलेली असो, आधी आठवडाभर तिला ऊन दाखवा. उन्हाची आपल्याकडे कमी नाही.

घेताना काय बघायचं? माठ घेताना जे बघता तेच. बोटाच्या पेरानं वाजवा. खणखणीत वाजली तर अंग सलग आहे, बद वाजली तर कुठेतरी तडा आहे, मग तो दिसो वा न दिसो. हात आत घालून भिंत चाचपा. जाडी किती यापेक्षा ती सगळीकडे सारखी आहे का, याला मी जास्त महत्त्व देते. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असेल तर ती वेगवेगळी तापणार. पोट आणि मान यांचा सांधा खास बघा, कारण हे दोन भाग पुष्कळदा वेगळे घडवून मग जोडलेले असतात. रंगरंगोटीला भुलू नका. ऑइलपेंट मारलेली असेल तर पहिल्या जाळालाच पापुद्रे निघतात आणि घाण वास सुटतो, शिवाय रंगाखाली भेगा बुजवलेल्या असू शकतात. चकचकीत, चिनीमातीसारखी दिसणारी वस्तू कुंडी म्हणून छान आहे, जाळासाठी नको. लोखंडाचीही मिळते. ती मातीसारखी सहज तडकत नाही, हे कबूल, पण तिला चुकून हात लागला तर कातडं सोलून निघेल. घरात नातवंडं आहेत, म्हणून मी मातीच्याच बाजूची. मातीही तापते, पण बाहेरून इतकी नाही.

घरी आणल्यावर पहिलं काम रेतीचं. कन्हान नदीची रेती आपल्याकडे घर बांधणाऱ्या प्रत्येकाच्या दारात पडलेली असते, दोन घमेली मागून आणा. पण ती उन्हात पसरून पूर्ण वाळवा, ओली रेती म्हणजे पुन्हा वाफेचं दुखणं. तोंडाच्या खालच्या काठाला दोन बोटं कमी राहील इतकी रेती पोटात भरा. जाळ या रेतीवर करायचा, मातीच्या तळावर कधीच नाही. रेतीचा दुसरा उपयोग असा की बूड जड होतं आणि भांडं तिवईवर डुगडुगत नाही.

मग शेकणं. पहिल्या संध्याकाळी वर्तमानपत्राचे दोन बोळे आणि मूठभर पऱ्हाट्या, बस. वाजवीपेक्षा लवकर संपेल, संपू द्या. रात्रभर निवू द्या. दुसऱ्या संध्याकाळी दोन मुठी. तिसऱ्या दिवशी बोटभर जाडीच्या चार काड्या. असं रोज थोडं वाढवत पाच-सहा जाळ करा, आणि प्रत्येक वेळी भांडं हाताला थंड लागल्याशिवाय पुढचा जाळ नाही. या आठवड्यात कुणालाही चहाला बोलवू नका, हा माझा अनुभवाचा सल्ला. नंतरही, अगदी चौथ्या वर्षीसुद्धा, रोजचा जाळ बारीक काड्यांनीच सुरू करायचा.

जागेचं जरा सविस्तर सांगते, कारण इथे चूक झाली तर फक्त माती फुटून भागत नाही. घराच्या भिंतीपासून, कुंपणापासून, झाडाच्या फांद्यांपासून चहूबाजूंनी किमान दहा फूट मोकळं हवं. आता आपल्या नागपुरी अंगणात वर बघा. उन्हाळ्यात ताणलेली हिरवी जाळी डिसेंबरातही तिथेच असते, हो ना? ती प्लास्टिकची असते. एक ठिणगी पुरते, आणि जळताना ती थेंबाथेंबानं खाली गळते. ती आधी काढा. मग खिडकीकडे बघा. कुलर अजून तिथेच आहे, आणि त्याच्या ताट्यांमधलं गवत सहा महिने वाळून कोळ झालंय. माझ्या मते चिमिनियाचा सगळ्यात मोठा शत्रू हा कुलर आहे. छपराखाली, कारच्या शेडमध्ये, कपड्यांच्या दोरीखाली ठेवू नका. गॅसचं सिलिंडर मागच्या दारात असेल तर जागाच बदला.

आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, त्यामुळे तिच्यावर तिवई ठेवली की एक पाय खचलाच समजा. खाली विटांचा सपाट ओटा करून घ्या. तोंड वाऱ्याच्या दिशेला नको. वारा तोंडात शिरला की भात्यासारखं काम करतो आणि जाळ मानेतून वर डोकावायला लागतो. जाळ वर दिसला म्हणजे लाकूड जास्त झालं, एवढं लक्षात ठेवा. मानेच्या टोकावर लोखंडी जाळीचा तुकडा बसवला तर ठिणग्या अडतात. समोर बसताना साडीचा पदर, ओढणी, नायलॉनचं जॅकेट आवरून बसा. लहान मुलांसाठी तीन फुटांवर विटांची एक ओळ मांडा आणि ती ओलांडायची नाही असा नियम करा. तोंडाची उंची नेमकी त्यांच्या चेहऱ्याइतकी असते.

सरपण वाळलेलं आणि लहान हवं. मनगटाहून जाड नको, वीतभराहून लांब नको. बाभूळ उत्तम, निखारा बराच वेळ टिकतो. पेटवायला पऱ्हाट्या किंवा तुराट्या, आणि त्याहून मजेची एक गोष्ट म्हणजे वाळवलेली संत्र्याची सालं. सालीत तेल असतं, त्यामुळे ती भर्रकन पेटतात आणि वासही सुरेख येतो. संत्र्यांच्या गावात राहून सालं कचऱ्यात टाकायची आणि पेटवायला रॉकेल शोधायचं, हे मला पटत नाही. रॉकेल, पेट्रोल तर अजिबात नकोच. बंद पोटात त्यांची वाफ साठते आणि काडी लावताच भडका तोंडातून थेट तुमच्या अंगावर येतो. सुताराकडचे प्लायवूडचे तुकडे, रंगवलेली जुनी चौकट, प्लास्टिक यातलं काही जाळू नका, त्यांचा धूर विषारी असतो. अंगण झाडून जमलेला पालाही नको. कचरा उघड्यावर जाळायला २०१६ च्या घनकचरा नियमांनी बंदी घातली, आणि कचरा मातीच्या सुंदर भांड्यात घातला म्हणून तो सरपण होत नाही. हिवाळ्यातल्या थंड, निवांत रात्री धूर जमिनीलगतच रेंगाळतो. शेजारी कुणाला दम्याचा त्रास असेल तर आधी विचारून घ्या, आणि नको म्हणाले तर त्या दिवशी नका पेटवू.

आता थट्टा बाजूला ठेवून एक सांगते. ही वस्तू घरात आणायची नाही. खोलीत नाही, काचा लावलेल्या बाल्कनीत नाही, ‘आता फक्त निखारेच उरलेत’ म्हणून तर मुळीच नाही. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपेत माणूस जातो आणि त्याला कळतही नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या हिवाळ्यात आपण वाचतोच.

विझवताना पाणी ओतायचं नाही. तडा जाईलच, शिवाय उसळलेली वाफ हात भाजेल. झोपायच्या तासभर आधी लाकूड घालणं थांबवा, आणि घाई असेल तर कोरडी रेती टाका. पाण्याची बादली जवळ ठेवायची ती आजूबाजूला ठिणगी पडली तर, म्हणून. आग हाताबाहेर जातेय असं वाटलं तर वाट न बघता १०१ ला फोन करा. कुणाला भाजलं तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट नाही, बर्फ नाही, हळद नाही. राख दुसऱ्या दिवशी दुपारी काढा, आणि तीही पत्र्याच्या डब्यात. वरून पांढरी दिसली तरी तिच्या पोटात निखारा जिवंत असू शकतो.

केसासारख्या बारीक भेगा पडतील, त्यांनी घाबरू नका. नख अडकेल एवढी भेग झाली तर मात्र तिची जाळाची नोकरी संपली, तिच्यात तुळस लावा. पावसाळ्यात पडवीत किंवा शेडमध्ये ठेवा. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत दमटपणा साठतो. मानेवर जुनी परात उपडी घातली की पुरे. अवकाळीचं आपल्याकडे काही सांगता येत नाही, म्हणून मार्चपर्यंत ती परात हाताशी असू द्या.

माझी सध्याची चिमिनिया त्याच कुंभारदादांनी करून दिली. मी पहिलीचा फोटो दाखवला, त्यांनी मान थोडी आखूड केली आणि तोंड लहान ठेवलं. दिवाळीपर्यंत ते पणत्यांच्या घाईत असतात, तेव्हा त्यांना छळू नका. दिवाळी झाली की जा. घडवायला, सावलीत वाळायला आणि भाजायला वेळ लागतो, तेव्हा डिसेंबरच्या सुरुवातीला हातात येईल. भरताची वांगी मात्र लगेच आणून ठेवू नका. पहिल्या पाच जाळांवर ती शिजायची नाहीत.

नमस्कार.