रांगेतली जागा

श्रोतेहो, राम कृष्ण हरी.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. घरून काम करायला लागून मला चार वर्षं झाली होती. सकाळची मीटिंग पडद्यावर, किराणा फोनवर, नातेवाईक व्हॉट्सॲपवर. एकदा तापानं आडवी झाले आणि आठ दिवस एकाही ग्रुपवर फिरकले नाही. दीडशे-दोनशे माणसांच्या त्या ग्रुपांवर कुणी विचारलं नाही. त्यात कुणाचा दोष नव्हता. आपण नाही आहोत, हे तिथे दिसतच नाही. पण ते आठ दिवस माझ्या मनातून गेले नाहीत.

त्याच वर्षी ओळखीतल्या एका आजोबांच्या शब्दावर मला ज्ञानेश्वर माउलींच्या सोहळ्यातल्या एका दिंडीत जागा मिळाली. भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणखर्चाची वर्गणी, भरली, पिशवी ट्रकमध्ये टाकली आणि आळंदीहून चालू लागले.

लांबून वारीत लाखोंची गर्दी दिसते. आत शिरलं की प्रत्येकाची दिंडी ठरलेली, आणि दिंडीतली रांगही ठरलेली. पुढे पताकावाले, मग टाळकरी, मृदंग, वीणेकरी, त्यांच्यामागे तुळशी आणि हंडे घेतलेल्या बायका. माउलींच्या रथापुढे 27 दिंड्या चालतात, बाकीच्या रथामागे, आणि कुणी कुणाच्या पुढे जायचं नाही. ही शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिली, ती आजही चालते.

माझ्या उजव्या हाताला परभणीकडच्या एक मावशी होत्या. दिवे घाट चढेपर्यंत आम्ही फारसं बोललो नव्हतो. सासवड सोडलं आणि माझ्या टाचेला फोड आला. मी मागे पडत गेले, शेवटी रस्त्याकडेच्या लिंबाखाली बसले. आपल्यामुळे कुणाचा खोळंबा नको, मागून जाऊ सावकाश, असं मनाशी म्हणत होते. अर्ध्या तासानं मावशी उलट्या दिशेनं, गर्दीला कापत, मला शोधत आल्या. "अगं माउली, रांगंत तुझी जागा रिकामी दिसली. म्हनलं, पोरगी गेली कुठं?"

चौघींच्या रांगेत तिघीच चालत होत्या आणि मधली जागा त्यांनी तशीच ठेवली होती. ते ऐकून मला रडू आलं, ते फोडामुळे नव्हतं.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. मुक्कामाच्या तळावर संध्याकाळी समाज आरती होते. लोणंदच्या तळावर मी ती पहिल्यांदा नीट पाहिली. पालखी मध्ये, भोवती दिंड्या गोलाकार उभ्या, हजारो टाळ एकदम वाजत असतात. सोहळ्याची शिस्त सांभाळणारे चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंच करतात आणि तो सगळा नाद थांबतो. इतका, की शेजारच्या माणसाचा श्वास ऐकू यावा. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार चालत तिच्याकडे जातात, गाऱ्हाणं ऐकून घेतात. त्यानंतर हरवल्या-सापडल्याच्या वस्तू पुकारल्या जातात. कुणाचा चष्मा, कुणाची पिशवी, कुणाची किल्ली. एवढ्या मोठ्या समाजात एका म्हातारीच्या चष्म्यासाठी सगळे शांत उभे राहतात. मी रोज जिथे वावरत होते, तिथे तक्रार लिहिली तर तिच्यावर शंभर मतं पडतात आणि ती मुळात ऐकायला कुणी येत नाही. म्हणून मला ते टाळ वाजवत राहणं फार मोलाचं वाटतं.

फोनला मी नावं ठेवत नाही. वारीत आता सगळ्यांकडे फोन आहेत, ट्रक कुठे उभा आहे ते त्यावरच कळतं, घरी नातवंडांशी बोलणं होतं. पण 2020 साली पायी वारी झाली नाही. 30 जूनला संतांच्या पादुका एसटी बसनं पंढरपूरला गेल्या, आणि एकादशीला लोकांनी घरी बसून पडद्यावर विठ्ठल पाहिला. मावशींनी मला सांगितलं, "दर्शन झालं गं, पर कुनाच्या पाया पडायचं?" दिंडीत एकमेकांच्या पाया पडायचा रिवाज आहे. लहानथोर असा भेद नाही, दोघंही वाकतात. त्या वर्षी वाकायला समोर माणूस नव्हता.

तुमच्यापैकी कुणाला घरात, पडद्यासमोर एकटं वाटत असेल, तर माझं कळकळीचं सांगणं आहे, कुठल्या तरी रांगेत आपली जागा धरा. वारीच हवी असं नाही. गल्लीतलं भजनी मंडळ असेल, वाचनालय असेल, सकाळचा हास्यक्लब असेल. फक्त एकदा जाऊन येऊ नका. आम्ही पुणे ते सासवड तीसेक किलोमीटर चाललो तेव्हा खूप जण सोबत होते आणि छान वाटत होतं. पण ओळख पटली ती राहुटीतल्या मुक्कामांत, ओल्या सतरंजीवर, दुसऱ्याच्या घोरण्याशेजारी झोपून.

आमच्या राहुटीत रोज रात्री मावशी बॅटरी घेऊन माणसं मोजायच्या. प्रत्येकीच्या पायाशी क्षणभर उजेड, मग पुढची. चौतीस भरल्या की त्या आडव्या व्हायच्या.

यंदा मावशींचे गुडघे फार दुखताहेत. त्या ट्रकमधून येणार आहेत. बॅटरी त्यांनी गावच्या एका मुलाबरोबर माझ्याकडे पाठवून दिली. कालच मी तिच्यात नवे सेल घातले.