सांगाडा नको, रूळ बघा

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत ओहायो राज्यात सीडर पॉइंट नावाचं मोठं मनोरंजन उद्यान आहे. तिथली जेमिनी ही रोलर कोस्टर १९७८ सालची. खांब लाकडाचे, तिरके आधारही लाकडाचे. तरी जाणकार तिला पोलादी कोस्टर म्हणतात. आणि न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १९२७ पासून उभी असलेली सायक्लोन? तिचा सांगाडा पोलादी, पण तिची गणना मात्र लाकडीत!

याचं कारण असं की, प्रकार ठरतो तो रुळावरून. लाकडी कोस्टरचा रूळ म्हणजे एकावर एक जोडलेले फळ्यांचे थर, आणि चाक जिथं टेकतं तिथं पोलादाची पातळ पट्टी. गाडी वरून गेली की हा रूळ किंचित दबतो, हलतो. तो खडखडाट, ते हादरे तिथूनच येतात. पोलादी नळीचा रूळ १९५९ साली डिस्नेलँडच्या मॅटरहॉर्नमध्ये आला. नळी हवी तशी वळवता येते, त्यामुळं वळणं आखणाऱ्यांचे हात मोकळे झाले. मला ही वर्गवारी मनापासून पटते, कारण बसणाऱ्याच्या पाठीला जो फरक कळतो तोच ती धरते.

२०११ साली टेक्सासमध्ये एका जुन्या लाकडी कोस्टरच्या सांगाड्यावर नवे पोलादी रूळ बसवले आणि न्यू टेक्सास जायंट तयार झाली. तेव्हापासून ‘हायब्रिड’ हे नाव चांगलंच रुळलं. मग जेमिनीही हायब्रिडच की! काही जण तसं म्हणतातही.

उंचीवरून पडलेली नावं मात्र मला तोकडी वाटतात. २०० फुटांपासून हायपर, ३०० पासून गिगा, ४०० पासून स्ट्रॅटा. जाहिरातीला ती छान शोभतात. पण सीडर पॉइंटमध्येच १९८९ ची मॅग्नम आणि २०१८ ची स्टील व्हेन्जन्स या दोन्ही २०५ फूट उंच आहेत. मॅग्नम एकदाही उलटी होत नाही, स्टील व्हेन्जन्स चार वेळा उलटी होते. उंचीच्या हिशेबात दोघी हायपरच.

त्यापेक्षा गाडीत माणूस कसा बसतो, हे विचारावं. रुळाखाली लटकणारे डबे डावी-उजवीकडे झुलत असतील तर ती सस्पेंडेड. घट्ट बसवलेले असतील तर इन्व्हर्टेड, जशी शिकागोजवळची १९९२ ची बॅटमॅन. झुलण्याला फाटा दिला म्हणूनच तिला पूर्ण गिरक्या घेता आल्या.

आपल्या खोपोलीजवळच्या इमॅजिकातली नायट्रो फ्लोअरलेस आहे. रूळ खालीच असतो, पण पायाखाली तळ नाही, पाय मोकळे लोंबकळतात आणि गाडी पुन्हा पुन्हा उलटी होते. न्यू जर्सीतही एक नायट्रो आहे, २३० फूट उंच, हायपर. ती एकदाही उलटी होत नाही. टेकाडं ओलांडताना माणूस आसनावरून वर उचलला जातो. तेव्हा कुठल्याही उद्यानात गेलात, तर रांगेत लागण्याआधी पाटीवरच्या नावासोबत प्रकारही जरूर विचारून घ्या.

नमस्कार.