कट्टा उठतो तेव्हा

(मंडळाच्या दिवाळी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी.

आज मला 'उठणे' या क्रियापदाबद्दल बोलायचं आहे. माझं गाव येळ्ळूर. बेळगावच्या दक्षिणेला, राजहंसगडाच्या पायथ्याशी. तिथे लहानपणी हा शब्द दिवसभर कानावर पडायचा. बाजार उठला. पंगत उठली. बैठक उठली. संध्याकाळी देवळापुढच्या कट्ट्यावर शेतातून आलेली माणसं बसायची. बोलणं बळ्ळारी नाल्याच्या पाण्यावर चाललेलं असो की बेळगाव कर्नाटकात का, महाराष्ट्रात का नाही या सीमाप्रश्नावर, आवाज चढलेलेच असायचे. मग कुणाच्या तरी घरातून पोरगं धावत यायचं, "आबा, जेवायला बोलवलंय." एक उठला की दुसरा उठायचा आणि पाच मिनिटांत कट्टा रिकामा. वाद अर्धा राहिलेला असायचा. तो तिथेच ठेवून माणसं घरी जायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथून उचलायची.

पारायणाचंही तसंच. आमच्या भागात गावोगाव ज्ञानेश्वरीची पारायणं होतात. सात दिवस सगळं गाव मंडपात असतं. मग काल्याचं कीर्तन होतं, महाप्रसाद होतो, मंडप सुटतो आणि माणसं शेताकडं वळतात. कडोली, उचगाव, बेळगुंदी, सांबरा, येळ्ळूर अशा गावांत हिवाळ्यात मराठी साहित्य संमेलनं भरतात. सकाळी ग्रंथदिंडी निघते, भातकापणी उरकलेले शेतकरी मंडपात बसून भाषणं आणि कविता ऐकतात आणि संमेलन त्याच दिवशी उठतं. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 सालचं. वडील मला शनिवारी तिथे न्यायचे. मी पुस्तकात कितीही बुडालेली असले तरी वेळ झाली की खिडक्या लागायच्या, दिवे जायचे. आम्ही दोघं सायकलवरून घरी यायचो आणि वाटेत मी त्यांना गोष्टीचं पुढं काय होणार ते सांगत बसायची. वाचनालय बंद झाल्यावरचा तो रस्ता मला पुस्तकांपेक्षा जास्त आठवतो.

आता आपल्या फोनमधल्या कट्ट्याकडे येते. हा कट्टा उठत नाही. तिथे जेवायला बोलवायला कुणी पोरगं येत नाही. बोट वर सरकवलं की पुढचं येतच राहतं, पान कधी संपत नाही, ही रचना आझा रास्किन या डिझायनरनी 2006 मध्ये केली आणि पुढे त्यांनीच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये पूर्वी 256 माणसं मावायची, 2022 पासून 1024 मावतात. हजार माणसं जगाच्या वेगवेगळ्या घड्याळांवर जगत असतील तर त्यातलं कुणी ना कुणी सदैव जागं असणारच.

मी सीमाभागातल्या, परदेशी राहणाऱ्या मराठी माणसांच्या एका ग्रुपची ॲडमिन आहे. तो कसा सुरू झाला हे सांगायला हवं, कारण मी या गोष्टीच्या विरोधात बोलायला उभी नाही. 2014 च्या जुलैमध्ये आमच्या वेशीवर अनेक वर्षं उभा असलेला 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' हा फलक पाडला गेला आणि पाठोपाठ गावात लाठीमार झाला. मी इथे, इंग्लंडमध्ये, ऑफिसात बसले होते. घरचा फोन लागत नव्हता. कुठल्या गल्लीत काय झालं, कोण दवाखान्यात आहे, हे मला गावच्या पंचवीसेक मुलांच्या मेसेजवरून कळत होतं. माझा भाऊ सुखरूप आहे हे त्यातल्याच एकानं कळवलं. ज्यानं कळवलं त्याला मी आजपर्यंत भेटलेली नाही, पण तो मला सख्ख्या भावासारखा आहे. म्हणून कुणी जेव्हा म्हणतं की फोनमधली माणसं खरी नसतात, तेव्हा मला ते पटत नाही. ती खरी असतात. म्हणूनच तिथून उठणं अवघड जातं.

त्या पंचवीस जणांचे पुढे कित्येक शे झाले. खानापूर, निपाणी, बेळगाव शहर, सगळीकडचे. सीमाप्रश्नावर नेमलेल्या महाजन आयोगाचा 1967 चा अहवाल, त्याच प्रश्नावर 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, मराठी शाळांची अवस्था, सरकारी कार्यालयांतून मराठीत न मिळणारी कागदपत्रं, या सगळ्यावर आम्ही लिहीत राहिलो. नव्यानं आलेल्या प्रत्येकाला तेच पहिल्यापासून समजावायचं. मी ते मनापासून करत होते.

आता घड्याळाचा हिशेब ऐका. इथे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि बेळगावचं अंतर साडेचार तासांवरून साडेपाच तासांवर जातं. मी कामावरून सहाला घरी येते तेव्हा येळ्ळूरला रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. आई नऊला झोपते. म्हणजे हिवाळ्यात आईशी निवांत बोलायला माझ्याकडे एकच वेळ उरते, सकाळी सात ते आठ. तिथे तेव्हा दुपारचे साडेबारा ते दीड. तिचं जेवण झालेलं असतं, ती सोप्यात पडलेली असते. आणि घड्याळं बदलली की लगेच येतो 1 नोव्हेंबर. 1956 साली याच दिवशी आमचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तो आमचा काळा दिन. बेळगावात काळे कपडे घालून माणसं सायकल फेरीला निघतात आणि त्या आठवड्यात ग्रुप नुसता पेटलेला असतो.

काही वर्षांपूर्वीच्या त्या आठवड्यात कुणीतरी जुन्या मोर्चाचा फोटो आजचा म्हणून टाकला. तो जुना आहे हे सिद्ध करायला मी लागले. मागच्या दुकानाची पाटी, खांब, झाडं, सगळं तपासत होते. सोमवारी सकाळी आई फोनवर म्हणाली, "बुधवारी डोळ्याचं करायचं ठरलंय." मी "बरं बरं" म्हणाले आणि टाइप करत राहिले. मंगळवार ते शुक्रवार मी फोन केलाच नाही. शनिवारी केला तर ती म्हणाली, "पट्टी काढली काल. आता तुझा फोटो चांगला दिसतोय." मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. "तू कामात असशील म्हणून मी काय बोललो नाही," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, मी आलो, मी जेवलो, मी बोललो. ती भाषा वाचवायला मी पाच दिवस झटत होते आणि ती बोलणारी माझी आई दुपारी साडेबाराला फोनकडे बघत पडली होती.

फोटोबद्दल माझं म्हणणं बरोबर होतं. ते काम करायलाच हवं होतं, हेही मी आज म्हणते. ते सात ते आठच्या वेळात करायला नको होतं.

त्याच वर्षी मी पहिल्यांदा फोनमधला स्क्रीन टाइमचा आकडा उघडून पाहिला. दिवसाला 3 तास 40 मिनिटं. आठवड्याचे पंचवीस तासांहून जास्त. तेव्हा मुलगी दहा वर्षांची होती. तिच्याशी मराठीतून सलग बोलणं आठवड्यात किती होतं याचा हिशेब कुठलाच फोन देत नाही. तो मी वहीत मांडला. आकडा इथे सांगत नाही, पण तो वाचून मला रडू आलं.

मग आम्ही ॲडमिननी ठरवलं की कट्टा उठवायचा. भारतीय वेळेनुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात ग्रुप बंद. फक्त ॲडमिनना लिहिता येईल अशी सोय असतेच, ती रोज लावायची. अडीअडचण असेल तर थेट फोन करायचा, त्यासाठी तिघांचे नंबर दिले. पहिल्या रात्री मी लिहिलं, "कट्टा उठला, उद्या बसू." पुष्कळांना बरं वाटलं. काहींनी ग्रुप सोडला. एकानं लिहिलं की चळवळ घड्याळ लावून होत नसते. मला ते खटकलं आणि मी त्यावर बराच विचार केला. 1946 साली बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरलं आणि तिथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. ठराव झाला, संमेलन उठलं, माणसं आपापल्या गावी गेली आणि खरी चळवळ त्या गावांतून उभी राहिली. मंडपात बसून राहिली असती तर ती कुठून उभी राहणार होती? माझ्या वडिलांच्या पिढीनं मोर्चे काढले, तुरुंगवास सोसला आणि भातानंतर मसूरही वेळेवर पेरली. जमिनीतली ओल गेली की मसूर उगवत नाही. ती मोर्चासाठी थांबत नाही.

पण एक फोन आला आणि त्यानं मला पुन्हा विचारात पाडलं. तो कुवेतहून होता. जांबोटीकडचा, खानापूरच्या जंगलपट्ट्यातला मुलगा. वय तिशीच्या आत. "ताई, मी ड्युटीवरून सातला खोलीवर येतो," तो म्हणाला. "आमच्याकडे सात म्हणजे तिथं साडेनऊ. त्याच वेळी तुम्ही कट्टा उठवता." एका खोलीत सहाजण राहतात, त्यांत मराठी बोलणारा तो एकटा. "तुमच्याकडं घर आहे, अंगण आहे, मंडळ आहे. मी फोन ठेवला तर समोर भिंत आहे."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोन बाजूला ठेवा आणि आयुष्य जगा असं म्हणताना मी धरूनच चालले होते की फोनच्या बाजूला प्रत्येकाचं आयुष्य वाट पाहत उभं असतं. सगळ्यांचं तसं नसतं. आपल्या या सभागृहातसुद्धा असं कुणी असेल. नवऱ्यामागून नुकतीच आलेली, व्हिसामुळे काम करता न येणारी मुलगी असेल, नातवंडं सांभाळायला आलेले आणि दिवसभर घरात एकटे असणारे आजोबा असतील. त्यांना आधी बसायला जागा द्यायची, मग उठायचं सांगायचं.

आम्ही वेळ बदलली नाही, पण एक गोष्ट सुरू केली. शुक्रवारी कुवेतला सुट्टी असते. शुक्रवारी तिथल्या रात्री आठला, हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी पाचला, आठ-दहा जण एकत्र फोनवर येतो. सुरुवात फार कठीण गेली. ग्रुपवर पानंच्या पानं लिहिणारी माणसं बोलायची वेळ आली की गप्प. पहिल्या शुक्रवारी मी घामाघूम झाले. तिसऱ्या शुक्रवारी जांबोटीच्या त्या मुलानं अभंग म्हटला, गावच्या भजनात म्हणतो तसा, टाळांशिवाय. मग निपाणीच्या एकानं विचारलं की तुमच्याकडं पाऊस किती झाला. त्यानंतर बोलणं कधी थांबलं नाही. तासाभरानं मात्र कुणीतरी म्हणतंच, "चला, भात टाकायचाय." तेव्हा आमचा कट्टा आपोआप उठतो, कुणाला उठवावं लागत नाही. त्या फोनवर कुणी कुणाशी भांडलेलं मला आठवत नाही. समोरचा खोकतो ते ऐकू येतं, त्याच्या खोलीतला पंखा ऐकू येतो. अशा माणसाला गद्दार म्हणणं जड जातं.

घरी सांगायचं तर सकाळचे सात ते आठ आता आईचे. त्या वेळी ग्रुप कितीही पेटलेला असो, मी उघडत नाही. कधीकधी आमच्याकडे बोलायला काहीच नसतं. ती सांगते, मसूर पेरून झाली, भावानं येताना बाजारातून कुंदा आणला. मग दोघी गप्प बसतो. ते गप्प बसणंही मला हवं असतं.

आणि या दिवाळीत आम्ही मागच्या अंगणात किल्ला केला. बेळगावच्या गल्लीगल्लीत मुलं किल्ले करतात हे तुम्हाला माहीत आहे. इथली माती चिकट, त्यात पाऊस. राजहंसगडाचा बुरूज तीनदा ढासळला. मुलगी आता चौदाची आहे, तिचाही आपला एक ऑनलाइन कट्टा आहे, चित्रं काढणाऱ्या मुलांचा, आणि तो चांगला आहे. तिला मी तिथून उठ असं म्हणत नाही. मी माती कालवायला हाक मारते, कधी ती येते, कधी येत नाही. चौथ्या वेळी बुरूज तिनं उभा केला आणि म्हणाली, "आई, बुरूजाला खालून आधार द्यायला पायजे." पायजे! माझ्या आईचा शब्द, माझ्या आईचा हेल. फोटो काढायचं आम्हा दोघींना दुसऱ्या दिवशी सुचलं, तोवर पावसानं अर्धा गड धुऊन नेला होता.

जांबोटीचा मुलगा पुढच्या वैशाखात रजेवर गावी जाणार आहे. तेव्हा आमच्या बेळगावात शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक निघते, ती रात्रभर चालते. तीन वर्षांपूर्वी मी तिथे होते आणि चार तास फोन उंच धरून ग्रुपला सगळं थेट दाखवत होते. आज मला ती मिरवणूक फोनच्या चौकटीएवढीच आठवते. भाऊ शेजारी उभा होता, तो काय म्हणत होता ते आठवत नाही. हे मी एका शुक्रवारी सगळ्यांना सांगितलं होतं. परवाच्या शुक्रवारी निपाणीचा त्याला म्हणाला, "मिरवणुकीला जाशील तर दाखव रे आम्हाला."

तो म्हणाला, "दाखवणार नाही. फोन आईकडं ठेवून जाणार. परत आलो की शुक्रवारी सगळं सांगतो."