भुकेल्या माणसाची वेबसाइट

(इंदूरमधल्या मराठी हॉटेल-व्यावसायिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते त्या दिवशी राजवाड्याच्या आसपास कुठलं हॉटेल उघडं, कुठलं बंद आणि कुठलं रस्ते धुऊन झाल्यावर संध्याकाळी उघडणार, हे या सभागृहात सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण नाशिकहून खास गेर बघायला आलेल्या कुटुंबाला ते कोण सांगणार? दुपारी दोन वाजता, रंगलेल्या हातांनी ते फोन काढतात, कुणीतरी सुचवलेलं तुमच्या हॉटेलचं नाव टाकतात आणि वेबसाइट उघडते. वर हार घातलेला संस्थापकांचा फोटो, खाली ‘आमची परंपरा’, मग एकामागून एक सरकणारी पाच मोठाली चित्रं. आज चालू आहे की नाही, याचा पत्ताच नाही. तोवर ती मंडळी दुसरीकडे जाऊन बसलेली असतात.

मला विषय दिलाय वेबसाइटच्या डिझाइनचा. रंग आणि अक्षरं यांवरही बोलेन, पण थोडंच. माझ्या लेखी हॉटेलची वेबसाइट म्हणजे गल्ल्यावर बसलेला माणूस. दारातून येणारा त्याला काय विचारतो? चालू आहे का, काय मिळेल, केवढ्याला, जागा आहे का, गाडी कुठे लावू. त्यावर गल्ल्यावरचा माणूस आजोबांनी 1950 साली हातगाडी कशी लावली ते सांगत बसत नाही. आजोबांना वेबसाइटवरून काढून टाका, असं मी म्हणत नाही. त्यांना खाली बसवा. वर आजची वेळ, दाबला की थेट फोन लागेल असा नंबर, नकाशाचा दुवा आणि मेनू.

मेनूपाशी जरा थांबू, कारण बहुतेक वेबसाइट तिथेच आपटतात. मेनूची फाइल असते छापखान्यात, आणि आपल्याकडे ती बहुतेक कृतिदेवमध्ये असते. कृतिदेव हा जुन्या पद्धतीचा फॉन्ट. पडद्यावर प, ह अशी देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं. ती फाइल तशीच वेबसाइटवर चिकटवली की ‘पोहा’ जाऊन तिथे ‘आय, के, एस, जी, के’ अशी पाच अक्षरं उमटतात. वेबसाइट करणारा मुलगा वैतागतो आणि छापील कार्डाचा फोटो नाहीतर पीडीएफ टाकून मोकळा होतो. मालक खूश, कारण कार्ड हुबेहूब दिसतं! इकडे ग्राहक स्कूटरवर एक पाय टेकवून, दोन बोटांनी ताणून ताणून साबुदाणा खिचडी शोधतोय. चित्रातली अक्षरं शोधयंत्र भरवशाने वाचत नाही आणि अंध माणसाच्या फोनमधला वाचून दाखवणारा आवाजही तिथे मुका होतो.

उपाय साधा आहे. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनला देवनागरी म्हणूनच कळणाऱ्या अक्षरांत, आणायचा. कृतिदेवचं युनिकोड करून देणारी साधनं फुकट मिळतात, मात्र नंतर एकदा जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला. पानावर प्रत्येक पदार्थ खरीखुरी अक्षरं म्हणून हवा, शेजारी किंमत. फॉन्टसाठी खर्च करू नका. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला ‘मुक्ता’ गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे आणि छोट्या पडद्यावर स्वच्छ वाचता येतो. नक्षीदार अक्षरं बाहेरच्या पाटीवर शोभतात, तिथेच राहू द्या.

किंमत लिहायला पुष्कळ मालक घाबरतात. भाव बदलतात, कोण बदलत बसणार, असं म्हणतात. ज्याला किंमत दिसत नाही तो महागच असणार असं धरून चालतो, हा माझा अनुभव. म्हणून वेबसाइट करून घेताना पहिली अट ही घाला, की भाव आणि पदार्थ मला माझ्या फोनवरून बदलता आले पाहिजेत. गराडू, म्हणजे आपला तळलेला कंद, थंडीतला. मे महिन्यात तो वेबसाइटवर दिसत असेल, तर बाकीच्या मेनूवर तरी कोण विश्वास ठेवेल? किंमत करासहित की कर वेगळा, हेही एका ओळीत सांगून टाका.

आता इंदूरपुरती खास गोष्ट. आपल्या गावात जैन ग्राहक मोठा आहे आणि उपवास करणारे मराठी लोकही कमी नाहीत. दोघांचेही प्रश्न बारीक असतात. कांदा-लसूण नाही एवढ्यावर जैन माणसाचं समाधान होत नाही, बटाटा आहे का, दुसरा कुठला कंद आहे का, हे त्याला कळायला हवं. गराडू तर स्वतःच कंद. उपवासवाल्या काकूंना खिचडीत सैंधव आहे की साधं मीठ, आणि वर भुरभुरलेली शेव बेसनाची तर नाही ना, हे पाहिजे. पदार्थाच्या नावाखाली बारीक अक्षरांत एक ओळ लिहिली की हे विचारायला येणारे फोन टळतात. ‘आमच्याकडे जैन फूड उपलब्ध’ असा मोठा बोर्ड टाकून हे काम होत नाही.

वेळेबद्दल. सराफ्यात दागिन्यांची दुकानं बंद झाली की खाण्याचा बाजार भरतो आणि मध्यरात्र उलटली तरी चालू असतो. शनिवारी रात्री एक वाजता रबडी खाणारा माणूस घड्याळाच्या हिशेबाने रविवारात असतो. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमध्ये, म्हणजे नकाशावर दिसणाऱ्या तुमच्या हॉटेलच्या नोंदीत, वेळ भरताना शनिवारच्याच ओळीत रात्री आठ ते दोन लिहायचं. रविवारच्या ओळीत उरलेले दोन तास वेगळे टाकायला गेलात की पुढे घोळ होतो. त्याच प्रोफाइलमध्ये विशेष दिवसांच्या वेळा टाकायची सोय आहे. रंगपंचमी, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची (चित्ररथांची) रात्र, दिवाळी, एवढ्या तरी भराच. वेबसाइटवर एक वेळ आणि गूगलवर दुसरी, असं असू नये. पुष्कळ लोक वेबसाइटपर्यंत येतच नाहीत, नकाशावरूनच निर्णय घेतात.

शोधयंत्राला ही माहिती नीट कळावी म्हणून गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांनी 2011 मध्ये स्कीमा डॉट ऑर्ग ही खुणांची पद्धत सुरू केली. पानाच्या आतल्या बाजूला हे रेस्टॉरंट आहे, ही वेळ, हा पत्ता, हा मेनू, असं ठरलेल्या साच्यात लिहून ठेवायचं. तुम्हाला ते स्वतः करायचं नाही. करणाऱ्याला फक्त विचारा, ‘स्कीमा घातलाय का?’ तो गडबडला तर काय समजायचं ते समजा.

आता माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित ग्राहक. ऑक्टोबर 2022 मध्ये उज्जैनच्या महाकाल मंदिराभोवतीचा नवा परिसर, महाकाल लोक, खुला झाला, तेव्हापासून महाराष्ट्रातून येणारी यात्रेकरू कुटुंबं आणि बसगाड्या तुम्ही पाहताच आहात. उज्जैन इथून 55 किलोमीटरवर, दुसऱ्या अंगाला ओंकारेश्वर आणि महेश्वर. पुष्कळांचा मुक्काम इंदुरात. 2028 ला उज्जैनचा सिंहस्थ येतोय. पुण्याहून निघालेल्या 40 जणांच्या बसचा म्होरक्या आदल्या रात्री फोनवर काय शोधतो, याचा विचार करा. बस उभी राहील का? थाळी किती वाजेपर्यंत? 40 पानं एकदम वाढाल का, की दोन पंगती? स्वच्छतागृह आहे का? ज्येष्ठांना जिना चढावा लागेल का? पोळी मिळेल की तंदूरचीच रोटी? पानंच्या पानं सजवलेल्या वेबसाइटवर यातल्या एकाचंही उत्तर नसतं. ‘यात्रेकरूंसाठी’ असं एकच पान करा, मराठीत, आणि ते स्वतः लिहा. यंत्राकडून भाषांतर करून घेऊ नका. तुमच्या घरात मराठी बोलतात, मग वेबसाइटवर परकी मराठी कशाला?

फोटोंचं बोलायचं तर विकतचे नकोत. विकतच्या पोह्याच्या फोटोत शेव नसते, जीरावन हा आपला मसाला नसतो, वर कढीपत्ता खोचलेला असतो. इंदुरी माणूस लांबूनच ओळखतो, ही प्लेट आपल्याकडची नाही. सकाळी दहाच्या सुमारास खिडकीपाशी, फ्लॅश न वापरता, साध्या फोनवर आपल्याच प्लेटचा फोटो काढा. तो फोटो 4-5 एमबीचा असतो, वेबसाइटवर टाकण्याआधी 150-200 केबीपर्यंत आणून घ्या. पानाचा मुख्य भाग 2.5 सेकंदांत दिसावा, असं गूगलचं माप आहे. वर सरकणारी पाच चित्रं त्या मापात बसवणं कठीण, आणि पाचवं चित्र येईपर्यंत कुणी थांबलेलं मी पाहिलेलं नाही. आपोआप वाजणाऱ्या संगीताबद्दल मी बोलणारच नाही.

एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक तळाशी लिहा. उष्मांक छापण्याचा नियम केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अन् त्याहून जास्त ठिकाणी चालणाऱ्या हॉटेलांना आहे, बाकीच्यांनी त्याची काळजी करू नये. मेनू दाखवण्याआधी मोबाइल नंबर मागण्याची एक नवी टूम निघाली आहे. दारात आलेल्याला आत येऊ देण्याआधी नंबर विचाराल का?

‘झोमॅटो-स्विगी असताना हे सगळं कशाला?’ असं मघाशी एका दादांनी विचारलं. ती दुकानं बंद करा असं मी सांगणार नाही, धंदा येतो तिथून. पण तिथे तुमच्या शेजारी तुमचाच स्पर्धक मांडलेला असतो, आणि पान कसं दिसावं हे ठरवणारे तुम्ही नसता. बसचा म्होरक्या तिथे 40 पानांची चौकशी करू शकत नाही. रोजचा पार्सलवाला तिथे राहू द्या, पंगत, वाढदिवस, यात्रा हे थेट तुमच्याकडे येऊ द्या.

मागच्या रांगेतून एका काकूंचा प्रश्न आला आहे. त्यांची घरगुती खानावळ आहे, डबे देतात, टेबलं चारच. त्यांना वेबसाइट हवी का? काकू, एक पान पुरे. आजची भाजी, डब्याचा महिन्याचा दर, कुठल्या भागात डबा पोचतो, सुट्टी कधी, फोन. आजची भाजी रोज बदलायला जमणार नसेल तर ती ओळ टाकूच नका. परवाची भाजी दाखवण्यापेक्षा ते बरं.

आणि पैसे देण्याआधी एक काम सगळ्यांनी करा. वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, कुणाच्या नावावर घेतलंय ते विचारा. पुष्कळदा ते करणाऱ्या मुलाच्या खात्यावर असतं. तो मुलगा बंगळुरूला नोकरीला जातो, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहते आणि एका सकाळी तुमच्या नावावर दुसऱ्याच कुणाचं तरी पान उघडतं. डोमेन तुमच्या ईमेलवर, तुमच्या कार्डावर घ्या. होस्टिंगचा (वेबसाइट जिथे ठेवलेली असते त्या जागेचा) आणि गूगल प्रोफाइलचा पासवर्ड गल्ल्याच्या वहीत नको, घरातल्या दोघांकडे असू द्या. पानाला एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी, आहे ना, तेही बघा. ते नसेल तर 2018 पासून क्रोम पत्त्याशेजारी ‘सुरक्षित नाही’ अशी सूचना दाखवतं. आणि त्याचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, त्याचे वेगळे पैसे कुणी मागितले तर आधी कशाचे ते विचारा.