1970 ची शेव्हेल आणि हेमी कुडा : वेग सारखा, भाव वेगळा

मंडळी, मसल कारवाल्यांचा, म्हणजे दांडग्या इंजिनाच्या जुन्या अमेरिकन गाड्यांच्या शौकिनांचा, हा जुना वाद आहे. शेव्हर्लेची 1970 ची शेव्हेल एसएस 454 (एसएस म्हणजे सुपर स्पोर्ट, 454 म्हणजे इंजिनाचे घन इंच), तीही एलएस-6 नावाच्या इंजिनाची, भारी की त्याच सालची प्लिमथची हेमी कुडा, म्हणजे हेमी नावाचं इंजिन असलेली कुडा? वेगाचं आधी उरकून टाकतो, त्यात फार दम नाही.

शेव्हेलचं इंजिन 7.4 लिटरचं, ताकद 450 हॉर्सपॉवर. कुडाचं 7 लिटरचं, ताकद 425. हे झाले कंपन्यांचे आकडे. तेव्हा ताकद मोजायची ती इंजिन स्टँडवर चढवून, गाडीतला सायलेन्सर वगैरे न लावता. त्यात हेमीचा 425 हा आकडा मुद्दाम कमी सांगितलेला, असं जाणकार मानतात. पाव मैल दोन्ही गाड्या तेरा-चौदा सेकंदांत कापायच्या. तेव्हाच्या अरुंद टायरांना एवढी ताकद पेलायचीच नाही, त्यामुळे शर्यत बरीचशी क्लचवरच्या पायावर ठरायची.

स्वभाव मात्र वेगळे. हेमी हे इंजिन मुळात शर्यतीसाठी घडवलेलं. 1964 च्या डेटोना 500 या अमेरिकेतल्या मोठ्या शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक हेमी बसवलेल्या गाड्यांनी नेले. दोन कार्बोरेटर, ट्यूनिंगची सतत कटकट. शेव्हेलला एकच कार्बोरेटर आणि खालच्या आरपीएमलाच, म्हणजे इंजिन सावकाश फिरत असतानाच, दणदणीत ओढ. रोज चालवायची तर मी डोळे मिटून शेव्हेल घेईन.

पण लिलावात कुडा पुढे जाते. हेमी इंजिनासाठी तेव्हा सुमारे 870 डॉलर जादा पडायचे, म्हणजे गाडीच्या मूळ किमतीच्या चौथाईहून जास्त. वर विम्याचा हप्ता भरमसाट. घेणार कोण? 1970 मध्ये हेमी कुडा बनल्या 652 हार्डटॉप (पक्क्या छताच्या) आणि 14 कन्व्हर्टिबल (छत उघडणाऱ्या). एलएस-6 मात्र 4,475. पुढच्या साली हेमी कुडा कन्व्हर्टिबल फक्त 11 निघाल्या. त्यांतली एक 2014 मध्ये 35 लाख डॉलरना गेली. तेव्हा शोरूममध्ये जे खपलं नाही, त्यालाच आज सोन्याचा भाव!

आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते तीही तितकीच मोठी. कुडाच्या चेसिस नंबरातलं पाचवं अक्षर ‘आर’ असेल तर गाडी कारखान्यातून हेमी घेऊनच निघाली. शेव्हेलच्या नंबरावरून एवढंच कळतं की ही व्ही-8 (आठ सिलिंडरच्या) इंजिनाची मालिबू, म्हणजे शेव्हेलचंच एक मॉडेल आहे. ती एसएस आहे का, इंजिन कोणतं, काही नाही. त्यामुळे साध्या मालिबूला पट्टे मारून, 454 बसवून केलेल्या ‘एलएस-6’ बाजारात पुष्कळ. इंजिनावर कोरलेला कोड बघावा (चार गिअरच्या मॅन्युअलला ‘सीआरव्ही’, ऑटोमॅटिकला ‘सीआरआर’), तर तोही घासून नव्याने कोरणारे बहाद्दर आहेत. मग भिस्त उरते कारखान्याच्या बिल्ड शीटवर, म्हणजे त्या गाडीत काय काय बसवायचं त्या यादीवर. हा कागद बऱ्याचदा पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेला सापडतो, म्हणून शेव्हेल घेणारे शहाणे लोक सौदा करण्याआधी टाकी खाली उतरवायला लावतात.